हवा काढून काढून थकले, तरी पेडल मऊच

गाडी १२ वर्षं जुनी छोटी हॅचबॅक. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक, पायाच्या जोराला मदत करणारा, व्हॅक्यूमवर चालणारा बूस्टर, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. (सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं ते एप्रिल २०१९ पासून, ही त्याच्या बरीच आधीची.) मालक चिपळूणचे निवृत्त शिक्षक. गाडी बारा महिने उघड्यावर उभी, आणि चिपळूणच्या वर्षाच्या पावसाचा आकडा तीन हजार मिलिमीटरच्या पुढे. तिथे लोखंडाचं काय होतं ते कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

पावसाळा संपता संपता पुढचं डावं चाक गरम व्हायला लागलं आणि ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायची. कॅलिपरचा, म्हणजे पॅडने डिस्क आवळणाऱ्या भागाचा, पिस्टन गंजून अडकला होता. सरांनी गाडी गॅरेजला दिली. तिथे पुढचे दोन्ही कॅलिपर उतरवून किट टाकलं, म्हणजे आतली रबरं बदलली, पॅड नवे घातले, ब्रेकच्या तेलात शिरलेली हवा काढली. ओढ गेली, चाक थंड झालं. पण पेडल मऊ. परत नेली, परत हवा काढली, तरी तेच. तिसऱ्या खेपेला निदान आलं, "मास्टर सिलिंडर गेलाय, बदलावा लागेल." पेडल दाबलं की तेल चाकांकडे ढकलतो तो हा भाग. नवा घेतला तर काही हजारांचा खर्च, वर मजुरी.

सर मला म्हणाले, "अरे, पहिल्यांदा दाबला की पाय पार खाली जातो. दोन-तीनदा मारला की मग वर येतो. कुंभार्ली घाट उतरताना असं झालं तर?"

शंका रास्त होती. कराडकडून घाट उतरून चिपळुणात यायचं म्हणजे ब्रेक तापणारच.

पेडल काय सांगतं

घरी ब्रेक दुरुस्त करायला बसणारा माणूस पहिला पाना निपलला, म्हणजे हवा काढायच्या छोट्या स्क्रूला, लावतो. मला ते पटत नाही. पेडल बिघडण्याच्या चार-पाच तऱ्हा असतात आणि हवा ही त्यातली फक्त एक. आधी इंजिन बंद ठेवून पायानेच बरंच कळतं.

पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत गेलं, तर एक तर तेल बाहेर गळतंय किंवा मास्टर सिलिंडरच्या आतले सील तेल मागे सोडतायत. पेडल खूप खालून धरतं पण धरल्यावर कडक लागतं, तर मागच्या ड्रममध्ये शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे) आणि ड्रम यांच्यातलं अंतर वाढलंय. पेडल कुठेच नीट धरत नाही, पायाखाली स्प्रिंगसारखं दबतं, मारत राहिलं की वर येतं, तर हवा किंवा फुगणारा रबरी होज, म्हणजे चाकापाशी तेल नेणारी नळी. आणि लांब चाललेल्या गाडीचं पेडल फक्त पहिल्या दाबाला खोल जातं, पुढच्याला ठीक, तर डिस्क वाकडी किंवा व्हील बेअरिंग सैल असण्याची शक्यता असते. डिस्क हलून पॅडला मागे ढकलते. याउलट पेडल दगडासारखं कडक आणि गाडी थांबत नाही, तर बूस्टरकडे बघायचं. त्याची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद असताना पाच-सहा वेळा पेडल मारायचं, मग पाय दाबून ठेवून इंजिन चालू करायचं. पेडल किंचित खाली सरकलं की बूस्टर चालतोय.

सरांच्या गाडीची ब्रेकच्या तेलाची टाकी आधी पाहिली. तेल मॅक्सच्या खुणेला, आणि आठवडाभरात हललेलं नाही. चारही चाकांच्या आतल्या बाजूला, मागच्या ड्रमच्या पत्र्यांवर, मास्टर सिलिंडर बूस्टरला जिथे बसतो तिथे खालून बोट फिरवून बघितलं. सगळं कोरडं. बाहेर गळती नाही.

मग मास्टर सिलिंडर. इंजिन बंद, पेडल मारून बूस्टरमधला व्हॅक्यूम संपवला आणि पाय दाबून मिनिटभर तसाच ठेवला. एकदा जोरात, एकदा हलक्या पायाने, कारण झिजलेला सील कधी कधी जोराच्या दाबाला धरतो आणि हलक्या दाबाला सोडतो. पेडल दोन्ही वेळा तसूभरही बसलं नाही. बदलायला सांगितलेला भाग इथेच बराचसा निर्दोष ठरला. पेडल मऊ आणि पेडल बसणारं, या दोन तक्रारी गॅरेजमध्येही सर्रास एकाच खात्यात टाकल्या जातात आणि भुर्दंड मालकाला पडतो.

मागच्या चाकांचा वाटा

हँडब्रेक पूर्ण ओढून पुन्हा पेडल दाबलं, तर ते आधीपेक्षा थोडं वर धरलं. हँडब्रेक मागचे शू ड्रमला टेकवतो, म्हणजे पेडलचा काही प्रवास त्या शूंना ड्रमपर्यंत नेण्यात वाया जात होता. ड्रम उतरवले. डाव्या बाजूचा शू आणि ड्रममधलं अंतर आपोआप जुळवणारा अॅडजस्टर गंज आणि लायनिंगच्या भुग्याने पुरता जाम झालेला. तो भुगा फुंकून उडवायचा नाही, ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने धुवायचा. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. अॅडजस्टर मोकळा केला, ड्रम हाताने फिरवताना शू अगदी हलका घासेल इतपत जुळवला. शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरची रबरं उचलून बघितली, आत कोरडं होतं.

पेडलची उंची सुधारली, मऊपणा जसाच्या तसा. म्हणजे दोन वेगळ्या भानगडी एकमेकींवर बसल्या होत्या, आणि एक मिटवल्यावर दुसरी स्वच्छ दिसायला लागली.

हवा आहे का, आणि कुठे

हवा आहे हे दाखवणारी एक जुनी युक्ती आहे. टाकीचं झाकण काढायचं, वर पारदर्शक प्लास्टिक अंथरायचं (तेल डोळ्यात गेलं तर जळजळतं, रंगावर पडलं तर रंग उचलतं), दुसऱ्याने भराभर पेडल मारून दाबून धरायचं आणि झटकन सोडायचं. आत हवा दबलेली असेल तर ती फुगून तेल मागे लोटते आणि टाकीत कारंजं उडतं. सरांची कॉलेजातली नात पेडलवर बसली. तिने पाय सोडला आणि प्लास्टिकवर तेलाचा फटकारा बसला. हवा होती, आणि भरपूर होती.

गाडीला चार चाकं, मग हवा नेमकी कुठल्या? त्यासाठी होज दाबायचे गोल जबड्यांचे क्लॅम्प मिळतात. पक्कड वापरायची नाही, होज आतून फाटतो आणि बाहेरून कळतही नाही. मागचे दोन्ही होज दाबून पेडल मारलं, फरक नाही. ते सोडून पुढचा डावा दाबला, पेडल थोडं घट्ट झालं. उजवाही दाबला आणि पेडल एकदम वर, कडक. म्हणजे मास्टर सिलिंडर, लोखंडी पाइप आणि मागची चाकं निर्दोष. हवा पुढच्या दोन कॅलिपरमध्ये, नाहीतर त्यांचे होज फुगतायत. होज फुगतो का ते पेडल दाबून धरायला लावून हातानेच तपासता येतं. ते फुगत नव्हते.

इथे प्रकरण अवघड झालं. पुढच्या ज्या दोन कॅलिपरमधून गॅरेजने परत परत हवा काढली, तिथेच हवा. मी पण एकदा नळी लावून पाहिलं: निपलमधून स्वच्छ तेल, एकही बुडबुडा नाही. तेल म्हणतंय हवा नाही, पेडल म्हणतंय आहे.

उत्तर चाक काढल्यावर समोरच होतं. स्टेअरिंग पूर्ण वळवलं की होज ताणून तंगत होता, तो नेहमी सैल कमानीत असायला हवा. होज कॅलिपरच्या वरच्या अंगाला जोडलेला, आणि हवा काढायचा निपल खाली. दोन्ही बाजूंना तसंच. डाव्या चाकाचा कॅलिपर उजवीकडे आणि उजव्याचा डावीकडे बसवला होता.

अनेक गाड्यांचे पुढचे कॅलिपर आरशातल्या जोडीसारखे असतात. बोल्टांचं अंतर तेच, पॅड तेच, पिस्टन तोच. फरक एवढाच की गाडीवर बसल्यावर निपल सिलिंडरच्या सगळ्यात उंच जागी यायला हवा. दोन्ही एकाच ट्रेमध्ये उघडले, धुतले, किट भरलं आणि परत बसवताना अदलाबदल झाली तर बोल्ट काही तक्रार करत नाहीत. ब्रेकही लागतो, फक्त मऊ.

हवा तेलापेक्षा हलकी, ती वर जाऊन बसते. निपल खाली असेल तर तेल होजमधून येतं आणि खालून निघून जातं, वरच्या कप्प्यातली हवा जागची हलत नाही. तेलाच्या डब्याला तळाशी तोटी लावून त्यातली हवा काढायला बसावं, तसला प्रकार. मग गॅरेजवाल्याने दहा वेळा काढली काय आणि शंभर वेळा काढली काय.

एवढीशी हवा इतका त्रास का देते, ते आकड्यांत पाहिलं की पटतं. मास्टर सिलिंडरचा पिस्टन २० मिलिमीटर व्यासाचा धरा. तो १० मिलिमीटर पुढे सरकला तर जेमतेम ३ घनसेंटीमीटर तेल ढकललं जातं. पूर्ण ब्रेक लावायला असं काही थोडकंच तेल लागतं. कॅलिपरच्या वरच्या कोपऱ्यात २ घनसेंटीमीटर हवा असेल आणि तेलाचा दाब वातावरणाच्या वीसपट झाला, तर ती हवा आकसून सुमारे ०.१ घनसेंटीमीटरची होते. उरलेल्या १.९ घनसेंटीमीटरची जागा भरायला तेल पाठवावं लागतं, आणि त्या तेलाने पॅड पुढे सरकत नाही. दोन्ही कॅलिपरमध्ये तेवढीच हवा धरली, तर पिस्टनच्या सेंटीमीटरभर प्रवासापेक्षा जास्त फुकट जातो. पेडलच्या तरफेमुळे पायाला हेच अंतर आणखी काही पटींनी जाणवतं. सरांचा पाय खाली जायचा तो असा.

अदलाबदल

जागा सपाट, गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडाचे ओंडके. पुढचा भाग जॅकने उचलून स्टँडवर. विटांच्या किंवा चिऱ्यांच्या थरावर गाडी टेकवणारे लोक मी पाहिलेत, वीट सांगून फुटत नाही. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातही घालू नये.

होज उघडला की टाकीतलं तेल वाहून जातं आणि मास्टर सिलिंडरमध्येच हवा शिरायची पाळी येते. त्यावर उपाय म्हणजे पेडल दोनेक सेंटीमीटर दाबून सीट आणि पेडल यांच्यामध्ये काठी अडकवायची. त्याने मास्टर सिलिंडरमधली टाकीकडची भोकं बंद होतात आणि तेल जागच्या जागी राहतं. ब्रेकचे दिवे मात्र तोवर जळत राहतात, म्हणून बॅटरीचं एक टर्मिनल काढून ठेवलं.

होज जोडणारा बँजो बोल्ट उघडायचाच होता, आणि १२ वर्षांचे होज क्लॅम्पखाली दाबलेही गेले होते, म्हणून पुढचे दोन्ही नवेच घातले. लोखंडी पाइपची नट सोडवायला उघडा पाना लावला की कोपरे गोल होतात. त्यासाठी पाइपवरून सरकणारा, एका बाजूला फट असलेला रिंग पाना येतो, तो घ्यावा. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला होता, तरी उजव्या बाजूने चांगलंच छळलं. बँजोच्या दोन्ही अंगांना तांब्याचे वॉशर नवे. जुने एकदा चेपलेले असतात, पुन्हा धरतीलच असं नाही.

कॅलिपरच्या सरकत्या पिना काढून पुसल्या आणि ब्रेकसाठी मिळणारं सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं ग्रीस लावलं तर पिनेचं रबर फुगतं आणि वर्षाच्या आत कॅलिपर पुन्हा अडकतो. मग डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. निपल वर आलेत याची खात्री डोळ्यांनी केली, स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून होज कुठे ताणत किंवा घासत नाहीत ते पाहिलं.

समजा चुकीच्या बाजूचा एकच कॅलिपर बसलाय आणि योग्य मिळायला वेळ आहे, तर? कॅलिपरचे बोल्ट काढून, होज न उघडता तो निपल वर येईल असा धरायचा, पॅडमध्ये डिस्कच्याच जाडीचा लाकडी तुकडा घालायचा म्हणजे पिस्टन बाहेर येणार नाही, आणि त्या अवस्थेत हवा काढायची. पेडल कडक होतं. पण ताणलेला होज तसाच राहतो, म्हणून ही गाडी गॅरेजपर्यंत न्यायची सोय आहे, दुरुस्ती नाही.

तेल आणि हवा

टाकीच्या झाकणावर डॉट ३ की डॉट ४ (ब्रेकच्या तेलाचे दर्जे) ते लिहिलेलं असतं. सरांच्या गाडीला डॉट ३ चालतं, आम्ही डॉट ४ वापरलं. दोन्ही ग्लायकॉलच्या जातीची, एकमेकांत मिसळतात. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यांच्यात ओतायचं नाही, डॉट ५.१ नावाने जवळचं वाटलं तरी ग्लायकॉलचंच. ग्लायकॉलचं तेल हवेतलं पाणी ओढतं. प्रमाणानुसार ताजं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, ३.७ टक्के पाणी शिरल्यावर ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. घाट उतरताना तापलेल्या कॅलिपरमध्ये तेल उकळलं की त्याची वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते. म्हणून कोकणात दोन वर्षांनी तेल बदलावं असं माझं मत, आणि कपाटात अर्धवट उघडी पडलेली बाटली वापरायची नाही, ती कितीही भरलेली दिसो.

उजव्या हाताच्या स्टेअरिंगच्या गाडीत मास्टर सिलिंडर उजवीकडे, म्हणून दूरचं चाक आधी या रूढ क्रमाने मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. तिरप्या जोडीच्या (पुढचं डावं आणि मागचं उजवं एकत्र, अशा) सर्किटच्या काही गाड्यांना पुस्तिकेत निराळा क्रम दिलेला असतो, तिथे पुस्तिकेचं ऐकायचं. मागच्या चाकांना वजनाप्रमाणे तेल देणारा व्हॉल्व्ह असेल तर मागची चाकं लोंबकळत ठेवू नयेत. तो गाडी रिकामी समजून मागचं तेल आवळतो, आणि आपल्याला वाटतं पाइप चोंदला.

निपलवर आधी रिंग पाना, मग पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडालेलं. नात पेडलवर, सर टाकीपाशी तेल बघायला, मी चाकाशी. मी "दाब" म्हणायचं, तिने दाबून "धरलंय" म्हणायचं, मग मी पाव फेरा सोडायचा. पेडल खाली गेलं की ते तिथेच धरून ठेवायचं; निपल बंद होऊन "सोड" येईपर्यंत पाय उचलायचा नाही, नाहीतर तीच नळी हवा आत ओढते. सर शिक्षकच, त्यांनी दोघांनाही घाई करू दिली नाही.

पेडलखाली एक लाकडी ठोकळा ठेवला होता. रोजच्या वापरात पिस्टन पूर्ण टोकापर्यंत जात नाही, त्यामुळे सिलिंडरचा पुढचा भाग १२ वर्षांत गंजलेला, मळलेला असतो. हवा काढताना पेडल तळापर्यंत मारलं की सील त्या खरबरीत भागावरून घासतो आणि चांगला मास्टर सिलिंडर त्याच दिवशी जातो. बिचाऱ्याला बदलायला सांगितलेलं होतंच, आपण कारण कशाला द्या.

मागून काळपट चहाच्या रंगाचं तेल आलं, हळूहळू फिकं झालं. पुढच्या डाव्याला निपल उघडताच बुडबुड्यांची माळच आली. रबरी हातोडीने कॅलिपरला हलके ठोके दिले तसे आणखी सुटले. उजव्यालाही तेच. टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही हे सरांचं काम, ते त्यांनी चोख केलं. अर्ध्या लिटरची एक बाटली पुरली नाही, दुसरी फोडावी लागली.

पेडल आता वर आणि कडक. नातीला मिनिटभर जोरात दाबून धरायला लावून प्रत्येक निपल, बँजो आणि पाइपची नट कोरड्या कागदाने पुसून पाहिली. सांडलेलं तेल पाण्याने धुतलं, निपलवर रबरी टोप्या घातल्या. त्या नसल्या की पावसाळ्यात निपल आतून गंजतो आणि पुढच्या वेळी पिळला जातो. झाकण उघडून पुन्हा कारंज्याची परीक्षा घेतली. तेल जेमतेम हललं.

आधी गल्लीत, चालण्याच्या वेगाने, हँडब्रेकवर हात ठेवून. मग रिकाम्या रस्त्यावर, वेग वाढवत. ओढ नाही. आठवड्याने सर कराडला जाऊन घाट उतरून आले. पेडल होतं तिथेच, टाकीतलं तेलही. जुनं तेल गटारात ओतू दिलं नाही, बाटलीत भरून जुनं इंजिन ऑइल गोळा करणाऱ्याकडे वेगळं दिलं.

याच गाडीला एबीएस असता आणि त्याच्या मॉड्युलेटरमध्ये (चाकांकडे जाणारा तेलाचा दाब आवरणाऱ्या भागात) हवा शिरली असती, तर घरच्या घरी हे जमलं नसतं. आतले व्हॉल्व्ह उघडझाप करायला बहुतेक गाड्यांत स्कॅन टूल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र, लागतं. लोखंडी पाइप गंजून पातळ झाला असेल तर तेही काम बाहेरचंच.

सरांनी गॅरेजवाल्याला जाऊन सगळं सांगितलं. तो म्हणाला, आता कॅलिपर उतरवले की एकावर खडूने "डा" लिहितो.